गहू पिवळा, तण हिरवंगार: आधी कशाला हात घालायचा?

पत्र: "नमस्कार दादा. माझा तीन एकर गहू आहे. रासायनिक खत आणि तणनाशक बंद केल्याचं हे दुसरं वर्ष. आधीचं पीक मका होतं. पेरणीच्या आठ दिवस आधी एकरी चार टन शेणखत टाकलं आणि मक्याच्या धसकटांसकट रान नांगरून घेतलं. खत पुरतं कुजलेलं नव्हतं, काड्या दिसत होत्या. गहू आता बत्तीस दिवसांचा आहे आणि खालून पिवळा पडत चाललाय. चाकवत आणि जंगली ओट मात्र काळेभोर हिरवे. एक निंदणी झाली, पंधरा दिवसांत रान पुन्हा भरलं. एका कोपऱ्यात चांदवेल पसरलीय. कोणी म्हणतं निंबोळी पेंड टाका, कोणी म्हणतं दर आठवड्याला शेण-गोमूत्राचं पाणी सोडा. घरचे म्हणतात, एक फवारा मार आणि मोकळी हो. आधी खत देऊ की आधी तण काढू? आणि गव्हात हे सेंद्रिय खरंच जमतं का?"

ताई,

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय बाकीचं वाचायला तुमचं मन लागणार नाही. जमतं. स्वित्झर्लंडमध्ये थेरविल इथे १९७८ पासून सेंद्रिय आणि रासायनिक शेती शेजारशेजारच्या तुकड्यांत करून बघताहेत. त्यातल्या एकवीस वर्षांचा हिशोब २००२ साली प्रसिद्ध झाला. सेंद्रिय तुकड्यांत उत्पादन सरासरी २० टक्क्यांनी कमी आलं, पण खत आणि ऊर्जेचा वापर ३४ ते ५३ टक्क्यांनी कमी होता. म्हणजे पीक थोडं कमी येतं, पण येतं, आणि वर्षानुवर्षं येत राहतं. फक्त एक गोष्ट विसरू नका. त्या फेरपालटात क्लोव्हर (हवेतलं नत्र, म्हणजे नायट्रोजन, जमिनीत आणणारं द्विदल चारापीक) मिसळलेल्या गवताला दोनेक वर्षं राखून ठेवलेली असतात. तुमच्या गव्हाला मक्याचा बेवड (आधीच्या पिकाने मागे ठेवलेली जमीन) मिळाला आणि वर अर्धवट कुजलेलं खत. तेव्हा आजचं पिवळं रान बघून सगळ्या पद्धतीवर फुली मारू नका.

आता मूळ दुखणं. तुम्ही तक्रारी दोन लिहिल्यात, गहू पिवळा आणि तण हिरवं. मला ती एकच तक्रार वाटते. जमिनीत या घडीला जे थोडंफार नत्र मोकळं होतंय ते दोघांनाही हवंय, आणि चाकवत ते आधी उचलतो. चाकवत हे नत्राचं अधाशी तण आहे. गरजेपेक्षा जास्त मिळालं तरी ते घेत राहतं आणि अंगावर चढवतं. जंगली ओटही सुरुवातीला मुळं झपाट्याने पसरतो. म्हणून तण जागेवर ठेवून वरून खत दिलंत तर त्या खताचा पहिला घास तणाच्या तोंडी जाईल. तेव्हा तण आधी काढायचं आणि खत त्याच्या पाठोपाठ, दोन-तीन दिवसांच्या आत द्यायचं. मध्ये आठवडा गेला तर नवं तण वर आलेलं असेल.

पण खत देण्याआधी खात्री करून घ्या की हा पिवळेपणा नत्राचाच आहे. खुरप्याने चार-पाच ठिकाणची रोपं मातीच्या गोळ्यासकट उपटा. नुसती ओढू नका, मुळं तुटतात. पिवळेपणा सगळ्यात खालच्या, जुन्या पानांपासून सुरू झालाय का, आणि पानाच्या शेंड्याकडून बुडाकडे सरकतोय का ते बघा. तसं असेल तर नत्र कमी पडतंय. झाड जुन्या पानातलं नत्र काढून नव्या पानाला देतं. उलट नवी, वरची पानं फिकी आणि खालची हिरवी असतील तर गंधकाकडे संशय जातो. नव्या पानांवर हिरव्या शिरा आणि मध्ये पिवळे पट्टे दिसले तर लोह. पिवळेपणा रानभर सारखा नसून खोलगट भागातच असेल, मुळं तपकिरी आणि मातीला आंबट वास येत असेल, तर पाणी साचलंय. तिथे कोणतंही खत उपयोगाचं नाही, आधी पाणी काढून द्या आणि वाफसा येऊ द्या. तुमच्या "खालून पिवळा" या शब्दांवरून मी नत्र धरून पुढे लिहितोय, पण रोप उपटून बघाच.

नत्राचा हिशोब सेंद्रिय शेतीत फार लोक मांडतच नाहीत, आणि मग टनांवर टन खत टाकूनही पीक का पिवळं हे कळत नाही. म्हणून आपण दोघं मिळून मांडू. गव्हाच्या एका क्विंटल दाण्यात साधारण दोन किलो नत्र असतं. एकरी बारा क्विंटलची अपेक्षा धरली तर दाण्यात चोवीस किलो. गव्हांड्यातही सहा-सात किलो जातं. म्हणजे एकरी तीसेक किलो नत्र पिकाच्या अंगात चढायला हवं, आणि त्यातलं बहुतेक सगळं फुलोऱ्याच्या आधी.

आता जमेची बाजू. चांगल्या कुजलेल्या शेणखतात अर्धा टक्का नत्र असतं. चार टनांत वीस किलो झालं. पण ते सेंद्रिय रूपात बांधलेलं असतं. जिवाणूंनी सोडवल्याशिवाय मुळांना घेता येत नाही. पहिल्या हंगामात त्यातलं फार तर पाव ते एकतृतीयांश मोकळं होतं, म्हणजे पाच ते सात किलो. उरलेलं पुढच्या वर्षांत हळूहळू मिळत राहील, ते वाया गेलेलं नाही. शिवाय जमिनीचं स्वतःचं काही असतं. ते किती, याचा एक जुना आणि पक्का पुरावा आहे. इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड इथल्या ब्रॉडबाल्क नावाच्या शेतात १८४३ पासून गव्हाचा प्रयोग चालू आहे. त्यातल्या एका पट्ट्याला तेव्हापासून कसलंही खत मिळालेलं नाही, तरी तो हेक्टरी एक टनाच्या आसपास गहू देत आलाय. एकरात सांगायचं तर चार क्विंटल. एवढं नत्र जमीन आणि पाऊस मिळून देतात, आठ-दहा किलो. तुमची जमीन याहून बरी असेल, पण दुसऱ्याच वर्षी तिच्याकडून फार मागू नका. एकूण बेरीज पंधरा-सोळा किलो झाली, आणि गरज तीसची.

त्याच ब्रॉडबाल्कवर दुसरा पट्टा आहे, त्याला दरवर्षी हेक्टरी ३५ टन शेणखत मिळतं आणि तो रासायनिक खताच्या पट्ट्यांच्या तोडीचं पीक देतो. हे उदाहरण लोक मोठ्या हौसेने सांगतात. पण हेक्टरी ३५ टन म्हणजे एकरी चौदा टन, दरवर्षी, न चुकता. एवढं शेण तीन एकरांच्या शेतावर कुठून येणार? आणि आलं तरी एवढं टाकावं का, हा प्रश्न राहतोच. युरोपीय संघाच्या सेंद्रिय नियमांत जनावरांच्या खतातून हेक्टरी वर्षाला १७० किलोपेक्षा जास्त नत्र द्यायला मनाई आहे, आणि ३५ टनांत त्याहून बरंच जास्त असतं. पिकाची गरज बघता शेणखतात नत्राच्या मानाने स्फुरद (फॉस्फरस) जास्त असतो. गव्हाची सगळी नत्राची भूक शेणखतानेच भागवायला गेलात तर स्फुरद जमिनीत साठत जातो आणि पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्या-नाल्यांत उतरतो. शेणखताने जमीन धरायची, आणि नत्र द्विदलांकडून घ्यायचं. माझं याबाबतीत ठाम मत आहे, त्याकडे पुढे येतो.

तुमच्या रानात आणखी एक गोष्ट झाली. मक्याची धसकटं आणि काड्या दिसणारं खत, दोन्हींत कर्ब (कार्बन) भरपूर आणि नत्र कमी. कुजवणाऱ्या जिवाणूंना स्वतःचं शरीर बांधायला नत्र लागतं, ते त्यांना काडात मिळत नाही, मग ते मातीतलं मोकळं नत्र ओढून घेतात. एका भाग नत्राला कर्ब पंचवीस-तीस भागांच्या वर गेला की हे सुरू होतं. मक्याच्या ताटांत तो त्याच्या दुपटीने असतो. शिवाय गहू थंडीचं पीक. माती गार असताना जिवाणू मंद असतात, तापमान दहा अंशांनी उतरलं की त्यांचं काम जवळपास निम्म्यावर येतं. गव्हाला फुटव्यांसाठी नत्र हवं असतं नेमकं तेव्हाच माती हात आखडते. तुमचं खत वाईट नव्हतं, ते दोन महिने आधी पडायला हवं होतं.

आता या आठवड्याचं काम.

उत्तर तुमच्या हाती पडेपर्यंत गहू चाळिशीत गेलेला असेल. पण दिवस मोजू नका, रोप चिरून बघा. मुख्य फुटवा बुडातून कापा आणि ब्लेडने उभा चिरा. आत अगदी तळाशी पांढरट, बारीक शंकू दिसेल. ती उद्याची ओंबी. मुळं जिथून फुटतात तिथपासून ती एक सेंटिमीटरच्या आत असेल तर पिकाने अजून कांडी धरलेली नाही, आणि आता दिलेलं नत्र फुटवे वाचवायला कामी येईल. ती वर सरकली असेल आणि बोटांना पहिलं पेर लागत असेल, तर फुटव्यांची संख्या ठरून गेलीय. त्यानंतरच्या खताने दाण्यातलं प्रथिन थोडं वाढेल, उत्पादन फारसं नाही. त्या परिस्थितीत पेंडेवर पैसे घालू नका, फक्त तण सांभाळा आणि पुढच्या हंगामाची तयारी करा.

कांडी धरायला अजून वेळ असेल तर ओळींमधून कोळपं फिरवा. तुमच्या ओळींत कोळपं चालण्याइतकं अंतर असावं असं धरतोय. नसेल तर खुरपणीला पर्याय नाही. ऊन पडलेला, वारा असलेला दिवस निवडा, आणि वरचा थर सुका असू द्या. ओल्या मातीत उपटलेलं तण तिथेच पुन्हा मुळं धरतं, आणि "पंधरा दिवसांत रान पुन्हा भरलं" याचं निम्मं कारण बहुधा तेच असतं. दोन-तीन सेंटिमीटरच्या खाली जाऊ नका. खोल गेलात तर गव्हाची वरची मुळं तुटतील आणि खालचं झोपलेलं तणाचं बी उजेडात येईल. कित्येक तणांच्या बियांना उगवायला उजेडाची एक झलक पुरते.

कोळपण्याच्या दिवशीच किंवा दुसऱ्या दिवशी एरंडीची पेंड बारीक करून ओळीलगत टाका, मातीत मिसळा आणि मग हलकं पाणी द्या. पेंड वर उघडी पडली तर नत्राचा काही भाग अमोनिया होऊन उडून जातो. निंबोळी पेंडेचा सल्ला चुकीचा नाही, पण ती या कामाची नाही. तिच्यातले कडू घटक नत्राचं नायट्रेटमध्ये रूपांतर व्हायचा वेग कमी करतात. पेरणीच्या वेळी ते चांगलं, आज तुम्हाला घाई आहे. एरंडी पेंडेत चार ते पाच टक्के नत्र असतं. एकरी दीडशे किलो टाकली तर सहा-सात किलो नत्र जाईल, त्यातलं पुढच्या चार-सहा आठवड्यांत निम्मं मिळेल असं धरा. तीन किलो नत्र म्हणजे फार तर दीड क्विंटल गहू. तुमच्याकडच्या पेंडेचा भाव आणि दीड क्विंटल गव्हाचा भाव एकमेकांशेजारी लिहा आणि मगच खरेदीला जा. जिथे पीक दाट आहे आणि तण निघालंय तिथेच टाका. विरळ तुकड्यात टाकून हाती काही लागणार नाही. एरंडीची पेंड विषारी असते, गोणी जनावरांच्या तोंडाला लागणार नाही अशा ठिकाणी ठेवा आणि टाकताना तोंडाला फडकं बांधा. कोंबडखत पूर्ण कुजवलेलं असेल तर तेही चालेल. कच्चं मात्र उभ्या पिकात नको. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत कच्चं खत आणि काढणी यांत किमान ९० दिवसांचं अंतर लागतं, माल जमिनीला टेकत असेल तर १२०.

शेण-गोमूत्राच्या पाण्याबद्दल स्पष्ट बोलतो. दहा किलो ताज्या शेणात तीस-चाळीस ग्रॅम नत्र असतं आणि दहा लिटर मूत्रात शंभर ग्रॅमच्या आसपास. ते दोनशे लिटर पाण्यात कालवून एकरभर सोडलंत तरी नत्र पाव किलोच्या आतच. जिवाणूंचं विरजण म्हणून त्याला किंमत आहे, ज्यांना ते मानवतं त्यांनी जरूर वापरावं. पण पंधरा किलोची तूट पाव किलोने भरत नाही, आणि त्याच्या भरवशावर थांबून कांडी धरायची वेळ निघून गेलेली मी पुष्कळ रानांत पाहिलीय.

जंगली ओट ओळखायला लोक ओंबी यायची वाट बघतात, तोवर उशीर होतो. आत्ताच ओळखता येतो. पान जिथे खोडाला वेढतं तिथे गव्हाला दोन बारीक, केसाळ कान असतात, खोडाला मिठी मारल्यासारखे. ओटाला कान नसतात, त्या जागी पांढरी पातळ पापुद्र्यासारखी जीभ असते. आणि वरून बघितलं तर गव्हाचं पान घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पिळलेलं असतं, ओटाचं उलट दिशेने. मजुरांना कामाला लावण्याआधी दोन्ही रोपं हातात देऊन हे एकदा दाखवा. नाहीतर ओळीतला ओट गहू समजून राखला जातो आणि गहू उपटला जातो. जो ओट आता सुटेल तो त्याचे तुरे गव्हाच्या वर आल्यावर उपटून पोत्यात घालून रानाबाहेर काढा. बांधावर टाकू नका, दुधात आलेलं बीही पिकतं. हे काम कंटाळवाणं आहे, पण तीन एकरांत होण्यासारखं आहे. ओटाचं बी जमिनीत फार टिकत नाही, नवं पडू दिलं नाही तर चार-पाच वर्षांत बहुतेक संपतं. चाकवताचं तसं नाही. एक मोठं झाड हजारोंनी बी टाकतं आणि ते दशकानुदशकं जिवंत राहू शकतं. पुरलेलं बी किती टिकतं याची कल्पना यायला १८७९ साली अमेरिकेत विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञाने तणांचं बी वाळूत मिसळून वीस बाटल्यांत भरून पुरून ठेवलं. २०२१ साली, १४२ वर्षांनी, त्यातल्या एका बाटलीतलं काही बी उगवलं. म्हणून चाकवत संपवायचा विचार सोडा, त्याला गव्हाच्या आधी उगवायला लावून मारायचं आहे.

घरच्यांच्या फवाऱ्याबद्दल. त्यांची काळजी खोटी नाही, त्यांना समोर रान दिसतंय. पण एक फवारा मारलात तर सेंद्रिय प्रमाणीकरणाच्या परिवर्तन काळाची (रसायनं बंद केल्यापासून प्रमाणपत्र मिळेपर्यंतच्या काळाची) मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होईल, दोन वर्षांची मेहनत पुसली जाईल. शिवाय गव्हाच्या पिवळेपणाचं मूळ नत्राच्या तुटीत आहे, ती फवाऱ्याने भरत नाही. फार तर असं करा: तीन एकरांपैकी जो तुकडा सगळ्यात जास्त तणाने भरलाय, तिथे गहू धरून बसू नका. तणाला बी धरायच्या आधी तो हिरवा कापून जनावरांना घाला. चाऱ्याचा चारा होईल आणि बी पडणार नाही. तेवढ्या गव्हाचं दुःख होईल हे मला कळतं, पण बाकीच्या दोन-सव्वादोन एकरांना मजूर आणि पेंड नीट पुरेल.

आता पुढचा हंगाम. खरी लढाई तिथेच आहे, कारण सेंद्रिय गव्हात पेरणीनंतर करण्यासारखं थोडंच उरतं. मक्यामागे गहू घेऊ नका. गव्हाच्या आधी हिरवळीचं द्विदल घ्या: उबदार हवेत ताग, धैंचा किंवा चवळी, थंड हवेत व्हेच किंवा क्लोव्हर. फुलं दिसू लागली की गाडायचं, साधारण पंचेचाळीस-पन्नास दिवसांत. त्यापुढे ताट लाकडासारखं होतं आणि मक्याच्या धसकटाचीच कथा पुन्हा घडते. दाट आलेलं पीक एकरी पंचवीस ते तीस किलो नत्र जमिनीत ठेवतं. आज तुम्हाला कमी पडतंय त्याहून हे जास्त आहे. गाडणं आणि पेरणी यांत दोन-तीन आठवडे ठेवा. त्याहून कमी ठेवलंत तर कुजणाऱ्या पाल्यात गव्हाचा कोंब गुदमरतो, फार जास्त ठेवलंत आणि मध्ये मोठा पाऊस झाला तर मोकळं झालेलं नत्र खाली वाहून जातं. हरभरा, मसूर, वाटाणा यांचाही बेवड चांगला, पण त्यांनी गोळा केलेलं बरंच नत्र दाण्याबरोबर घरी येतं. मागे उरतं ते थोडं. गाडायचं द्विदल आणि खायचं द्विदल यांना हिशोबात एका रकान्यात लिहू नका.

शेणखत टाकायचं ते या द्विदलाच्या आधी, किंवा पेरणीच्या किमान दीड-दोन महिने आधी, आणि पूर्ण कुजवून. तुमच्या रानातला चाकवत काही अंशी त्या अर्धकच्च्या खतातूनच आलेला असणार. जनावराच्या पोटातून बी जिवंत बाहेर पडतं. ढीग ओला ठेवून ५५ अंशांच्या वर किमान पंधरा दिवस तापला आणि तेवढ्यात पाचेक वेळा उलथापालथ झाली, तर बाहेरचं बी आत जाऊन बहुतेक सगळं मरतं. ढिगाच्या मधोमध लोखंडी सळई खुपसून दहा मिनिटांनी बाहेर काढा. हातात धरवली तर ढीग तापलेला नाही.

मग पेरणीआधीची पाळी. रान तयार करून ठेवा, पाऊस नसेल तर ओलवून घ्या, आणि दहा-बारा दिवस पेरू नका. हिरवी साय धरल्यासारखं तण उगवून येईल. वाफशावर वखराची अगदी उथळ पाळी द्या, दोन-तीन सेंटिमीटर, आणि लगेच पेरा. नांगर पुन्हा लावायचा नाही, नाहीतर खालून नवं बी वर येईल. हे दहा-बारा दिवस पेरणीच्या मुदतीतून कापू नका. उशिरा पेरलेल्या गव्हाचा दाणा भरताना ऊन चढतं आणि दाणा बारीक राहतो. रान तेवढं आधी तयार करा.

पेरणी चार-पाच सेंटिमीटर खोल आणि एकसारखी करा, बियाणं नेहमीपेक्षा दहा ते वीस टक्के जास्त धरा. हे जास्तीचं बियाणं पुढच्या कामासाठी आहे. लांब, लवचीक दातांचा टाइन हॅरो भाड्याने मिळत असेल तर गहू वर यायच्या आधी एकदा रानावरून हलका फिरवा. त्यासाठी पेरणीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी नखाने माती खरवडून बघा. तणाचे पांढरे धाग्यासारखे कोंब दिसतील, अजून हिरवे न झालेले. नेमकी हीच वेळ. धागा उघडा पडला की तासाभराच्या उन्हात संपतो, आणि गव्हाचा कोंब त्याच्या खाली सुरक्षित असतो. गहू एका-दोन पानांचा असताना मात्र रानात शिरू नका, तेव्हा तो सहज उपटतो. तीन पानं झाल्यावर पुन्हा एक-दोनदा चालतं, कांडी धरेपर्यंत. थोडी रोपं मरतील, त्याचाच तो जास्तीच्या बियाण्याचा हिशोब. चाकवतावर हे फार चांगलं चालतं, कारण त्याचं बारीक बी वरच्या दोन-तीन सेंटिमीटरमधूनच उगवतं. जंगली ओट दहा-बारा सेंटिमीटर खोलूनही वर येतो, त्याला हॅरो पुरत नाही. त्याला फेरपालटच लागते: एखादं वर्ष थंडीचं धान्य न घेता उन्हाळी किंवा पावसाळी पीक घ्या, म्हणजे ओट उगवण्याच्या काळात रान मोकळं राहील आणि पाळ्या देता येतील. हॅरो मिळणार नसेल तर ओळींतलं अंतर कोळप्याला पुरेल एवढंच ठेवा. जवळ ओळी आणि आडवी-उभी पेरणी यांनी सावली लवकर पडते हे खरं, पण तुमच्यासारख्या तणाच्या रानात एकदा का तण वर आलं की आत शिरायला वाट उरत नाही.

ब्रॉडबाल्कची आणखी एक गोष्ट इथे सांगण्यासारखी आहे. तिथे सुरुवातीची कित्येक दशकं तण हातखुरप्याने काढत असत. पुढे ते जमेनासं झालं तेव्हा १९२६ साली त्यांनी शेताचे पाच भाग पाडले आणि आळीपाळीने एकेक भाग पडीक ठेवून त्यात मशागत करून तण मारायला सुरुवात केली. तिथेही तणापुढे निव्वळ गव्हामागे गहू चालला नाही.

चांदवेलीसाठी वरचं काहीच करू नका. तिची मुळं खोल असतात आणि प्रत्येक तुकड्यातून नवी वेल फुटते. कोळपं किंवा रोटाव्हेटर तिथून फिरवलात तर तुकडे रानभर पसरतील. हरळीलाही हेच लागू. या कोपऱ्यात गहू निघाल्यावर वेल फुटून तीन-चार पानांची झाली की दरवेळी बुडातून कापायची, दोन-तीन आठवड्यांच्या अंतराने. पानं मुळांना परत भरायला लागण्याआधी कापलं की मुळांतला साठा उतरत जातो. एका हंगामात ती संपणार नाही. नंतर त्या जागी दाट वाढणारं चाऱ्याचं द्विदल दोन वर्षं ठेवा आणि कापत राहा.

रॉक फॉस्फेट (स्फुरद असलेल्या खडकाची भुकटी) घ्यावं का असं अनेक जण विचारतात, तुम्हीही विचाराल. जमीन आम्ल असेल तर उपयोग होतो. सामू (pH) सातच्या वर असेल तर ते मातीत तसंच पडून राहतं, पैसे घालू नका. माती तपासून घ्या, त्यात गंधकही बघा.

काढणीला चांदवेलीचा कोपरा सगळ्यात शेवटी घ्या आणि यंत्र तिथून बाहेर पडलं की झाडून घ्या. पुढच्या वर्षीचं बियाणं ज्या पट्ट्यात ओट दिसला नाही तिथूनच वेगळं मळा, चाळणीने चाळा आणि परातीत मूठभर पसरून बघा. ओटाचा दाणा लांबट, तपकिरी, बुडाशी केसाळ आणि मधोमध वाकलेल्या कुसळाचा असतो. एक जरी सापडला तरी ते बियाणं पेरायला ठेवू नका, दळायला द्या.